एकदाही चालवलं नाही, म्हणता?

नागपुरातल्या जुन्या शस्त्र परवानाधारक काका-काकूंना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या दिवाळीपासून तुमच्यापैकी चौघांच्या बैठकीत मी बसून गेलो आहे. चारही घरी चहा मिळाला, एका घरी तर्री-पोहे मिळाले, आणि चारही घरी आतून जपून ठेवलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर बाहेर आलं. त्यातल्या तीन ठिकाणी ते दाखवताना एकच वाक्य कानावर पडलं, "एकदाही चालवलं नाही बरं का, नवंकोरं आहे." त्या वाक्यापायीच हा कागद काळा करतो आहे.

आधी मी कोण ते सांगतो. कळमना मार्केटात माझी संत्र्या-मोसंबीची अडत आहे. वडिलांची होती, आता माझी. आंबिया बहार उतरायला लागला की काटोल, नरखेड, वरुडकडून गाड्या लागतात आणि पुढचे दोन-अडीच महिने घरी जायला रात्र होते. हल्ली बराचसा पैसा खात्यातून खात्यात जातो. पण हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि "मालक, हातातच द्या" म्हणणारा शेतकरी यांच्यासाठी रोकड जवळ ठेवावीच लागते. दोन हंगामांपूर्वी आमच्या दिवाणजींची बॅग पारडीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी ओढली. दिवाणजी स्कूटीवरून पडले, मनगट मोडलं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण साठीतला माणूस गळ्यात हात बांधून गादीवर हिशेब लिहायला बसलेला पाहिला आणि माझं डोकं फिरलं. पुढच्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज भरला.

बायकोचं म्हणणं तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे. ती म्हणाली, "त्या दिवशी दिवाणजींकडे रिव्हॉल्व्हर असतं तर ते बॅगेत असतं, आणि बॅगेसोबत गेलं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तरी अर्ज मागे घेतला नाही, एवढंच प्रामाणिकपणे सांगतो. भीती एकदा घरात शिरली की ती तर्काच्या दाराने बाहेर जात नाही. पुढे पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, चौकशीला आलेल्या शिपायाला शेजाऱ्यांनी दिलेली माझ्या चारित्र्याची ग्वाही, असं सगळं होऊन सव्वा वर्षाने परवाना हातात पडला. ते रडगाणं इथे नको. माणसाच्या हाती हत्यार द्यायचं तर चार ठिकाणी विचारपूस व्हायलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

मधल्या काळात बाजारातल्या एका मित्राने जवळचा रस्ता सुचवला होता. "काहून एवढी झंझट करून राहिला बे? उमर्टीचा माल आठ दिवसांत येते." मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं हे उमर्टी गाव गावठी पिस्तुलांसाठी पार महाराष्ट्रभर बदनाम आहे. आपल्याकडे पकडलेल्या अशा प्रत्येक वस्तूला सर्रास 'माऊझर' म्हणतात. जर्मनीतल्या खऱ्या माऊझरवाल्यांनी ती पाहिली असती तर पाणी मागितलं नसतं. मित्राला मी एवढंच सांगितलं, की विनापरवाना अग्निशस्त्र सापडलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आत जावं लागतं, आणि माझी संत्री तेवढी टिकत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. परवाना मिळाला म्हणजे हत्यार मिळालं असं नसतं, हे परवाना मिळाल्यावर कळतं. तुमच्या पिढीला हे सांगायला नको, पण तुमच्या मुलांनी वाचावं म्हणून लिहितो. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, प्रतिबंधित, ती माझ्यासारख्याच्या वाट्याला येत नाहीत. छोट्या हत्यारात सामान्य माणसाला उरतं ते .३२, नाहीतर .२२. विलायती मालाची आयात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातच खाजगी माणसासाठी बंद झाली, त्यामुळे तेव्हा जे देशात होतं तेच हातोहात फिरतं आहे. वेब्ली अँड स्कॉट या विलायती कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला आज काही लाख सांगतात ते त्यामुळेच. त्यातलं लोखंड काही सोन्याचं नाही. नवं घ्यायचं तर कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर आहे, इशापूरचं 'अशनी' पिस्तूल आहे. २०१४मध्ये कानपूरनेच हलक्या वजनाचं 'निर्भीक' काढलं, तेही सव्वा लाखाच्या घरात गेलं होतं. अलीकडे त्याच वेब्लीच्या नावाचं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनायला लागलं आहे. पण बहाराच्या तोंडावर बागवानांना उचल देऊन बसलेल्या अडत्याला एकदम एवढे पैसे मोकळे करणं जड जातं. म्हणून मी जुनं शोधायला निघालो.

आणि जुनं भरपूर आहे, हे मला तेव्हा कळलं. आपलं नागपूर १९५६पर्यंत राजधानीचं शहर. मालगुजारांची घराणी, जंगलाचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे व्यापारी, वकील, सिव्हिल लाइन्समधले साहेब. ज्याच्याकडे शेतजमीन आणि चार माणसांत वजन, त्याच्याकडे परवाना. कमरेला लावायची हौस कमी, असावं म्हणून जास्त. आता ती पिढी सत्तर-ऐंशीत आली. पोरगा हिंजवडीत, नाहीतर टेक्सासात. टेक्सासातल्या पोराला तिथे दुकानात जाऊन हत्यार घेता येतं, पण बापाचं .३२ नको असतं. त्यात २०१९ला कायदा बदलला, एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा उरली आणि तिसरं वर्षभरात जमा करा किंवा विका असं झालं. कपाटं उघडली ती तेव्हापासून.

पहिलं घर रामदासपेठेतलं. काकांचं .३२ वेब्ली, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. मधून मोडणारं, म्हणजे मागचा खटका ढकलला की नळी पुढे झुकते आणि काडतुसं भरायची गोल चक्री उघडी पडते. देखणी वस्तू, यात वाद नाही. काकांनी त्याचा इतिहास तासभर सांगितला, वाघापासून कलेक्टरपर्यंत सगळे त्यात येऊन गेले. मी ते हातात घेऊन बंद केलं तर नळी आणि सांगाडा यांच्या सांध्यात दरवाजाच्या ढिल्या बिजागरीसारखी कुईकुई झाली. हलवलं की हलतं. हा सांधा सैल झाला की चक्रीतलं काडतूस आणि नळी एका रेषेत राहत नाहीत, आणि रिव्हॉल्व्हरचा सगळा जीव त्या रेषेत असतो. गोळी कडेला घासून शिशाचे कण बाजूने उडतात, कधी चालवणाऱ्याच्या बोटावर, कधी शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्यात. काकांना मी भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाप्पा, हे विलायती आहे, याला काय होते?" किंमत ऐकून मी चहा संपवला आणि उठलो. काका, ते भिंतीवर लावण्याजोगं आहे. भिंतीवर लावायलाही परवाना लागतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरं घर महालातलं, त्या गल्लीत आता टू-व्हीलरही जपून न्यावी लागते. तिथे काकू होत्या. काका जाऊन तीन वर्षं झालेली. परवाना काकांच्या नावाचा, मुदत कधीच संपलेली, आणि रिव्हॉल्व्हर मात्र देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. दसऱ्याला त्याची पूजाही होत होती. काकूंना वाटलं होतं, घरची वस्तू आहे, विकली की झालं. त्यांना मी काय सांगितलं ते इथे पुन्हा सांगतो, कारण अशा काकू एकट्या नसणार. परवानाधारक गेला किंवा परवान्याची मुदत संपली, की ते हत्यार घरात ठेवता येत नाही. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. वारसाला ते परत मिळवता येतं, त्यासाठी त्याने स्वतःचा परवाना काढायचा. नाहीतर ज्याला बाळगायचा हक्क आहे अशा माणसाला ते विकता येतं. पण वर्षानुवर्षं तसंच पडू दिलं तर शेवटी ते सरकारजमा होतं. काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी गुन्हा करून राहिले होते काय?" मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याला फोन केला, त्याने एका ओळखीच्या वकिलाला सोबत घेतलं आणि वस्तू ठाण्यात पोहोचली. पूजेला आता काकांची जुनी गुप्ती ठेवतात म्हणे. तिचंही एकदा वकिलाला विचारा, काकू.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नियमांत अशी सोय आहे की परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो जिवंतपणीच ते वारसाच्या नावे करायचा अर्ज करू शकतो. त्यासाठी मरायची वाट पाहायची गरज नाही. पोराला नको असेल तर तेही आत्ताच विचारा, जेवताना.

आता तिसरं घर, लक्ष्मीनगरातलं. या घरासाठीच मी पत्र लिहायला बसलो, हे तुम्हाला कळलंच असेल.

हे काका निवृत्त अभियंते. सगळं नीटनेटकं. परवान्याची प्रत, तिच्यावरचा यूआयएन हा ओळख क्रमांक, मूळ खरेदीची पावती, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मी मनात म्हटलं, आपलं काम झालं. रिव्हॉल्व्हर कानपूरचं, पंचवीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं, तेही मधून मोडणाऱ्याच ठेवणीचं. काकांनी ते आतल्या खोलीतून चामड्याच्या म्यानासकट आणलं. म्यानाचं बटण निघेना, तेव्हा त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून ओढलं. नळीचं तोंड माझ्या बायकोच्या दिशेला होतं. ती सोबत आली होती, "बघू तरी काय आणतोस ते" म्हणून.

मी म्हटलं, "काका, जरा खाली धरता?"

काका हसले. "काहून घाबरून राहिला बाप्पा? रिकामं आहे. एकदाही चालवलं नाही."

प्रशिक्षणात आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली होती. कुणी रिकामं म्हणालं तर ते भरलेलं समजायचं. तोंड जमिनीकडे, बोट चापाच्या, म्हणजे ट्रिगरच्या, बाहेर, आणि आधी उघडून बघायचं. मी ते हातात घेतलं, फरशीकडे धरलं आणि खटका ढकलला. हलला नाही. आत तेल वाळून डिंक झालं होतं. दोन्ही अंगठे लावले तेव्हा नळी कुरकुरत खाली झुकली, आणि या ठेवणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जे व्हायला पाहिजे तेच झालं. मधली चकती वर आली आणि तिच्यासोबत सहा काडतुसं वर आली. बाकावरची सहा माणसं एकदम उठावीत तशी.

सहाही भरलेली. पितळ हिरवं पडलेलं.

खोलीत कुणी बोललं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. काका नंतर हळूच म्हणाले, "घेतलं तेव्हा दुकानदाराने दाखवायला भरले असतील." पंचवीस वर्षं, काका. तुमचा नातू दर मे महिन्यात येतो म्हणालात, त्याच खोलीत झोपतो.

मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुम्ही फसवत नव्हता. तुम्ही खरंच एकदाही चालवलं नव्हतं. नेमकं म्हणूनच तुम्हाला आत काय आहे ते माहीत नव्हतं. गाडी विकताना "कमी चालली आहे" ही जमेची बाजू असते. हत्यारात तसं नाही. न चालवलेलं म्हणजे न उघडलेलं, न उघडलेलं म्हणजे न पुसलेलं, आणि नागपुरात न पुसलेल्या लोखंडाचं काय होतं ते कूलरची जाळी बघितलेल्या कुणालाही विचारा.

कूलरचंच सांगतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात एका डीलरकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आणून दिली. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून आपल्याला वाटतं गंज फक्त पावसाळ्यात चढतो. पण मार्च ते जून बंद खोलीत वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडून आपण जी हवा खेळवतो ती ओली असते, आणि कपाट त्याच खोलीत असतं. त्यात चामड्याचं म्यान. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात मुरलेला दमटपणा लोखंडाला खातो. म्यान हे हत्यार सोबत न्यायचं साधन आहे, ठेवायची जागा नाही. मिस्त्रीने मला एका तशाच रिव्हॉल्व्हरची नळी उजेडाकडे धरून दाखवली. खालच्या तोंडाशी पांढरा कागद धरायचा आणि वरून बघायचं. चांगल्या नळीत आतल्या आट्या आरशासारख्या गोल फिरत जातात. त्या नळीत देवीचे व्रण होते. एके ठिकाणी एक काळी कडी दिसत होती. "इथं कधीतरी गोळी अडकली आणि मागून दुसरी मारली," तो म्हणाला. नळी तिथे आतून फुगलेली. बाहेरून बोट फिरवलं तरी कळणार नाही. मालकाने तेही 'न चालवलेलं' म्हणूनच आणलं होतं. त्याने चालवलं नसेल, त्याच्या मेव्हण्याने लग्नाच्या वरातीत चालवलं असेल. (वरातीत हवेत बार काढणं हा आता वेगळा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांनी नोंद घ्यावी.)

त्याच मिस्त्रीकडून शिकलो ते थोडं सांगतो, म्हणजे उद्या माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी येऊन चक्री हलवायला लागला तर "काय चोंबडा पोरगा आहे" म्हणून रागावणार नाही. रिकामं आहे याची दोनदा खात्री करून घोडा, म्हणजे मागची हातोडी, मागे ओढायचा, चाप दाबून धरायचा, घोडा अंगठ्याने सावकाश सोडायचा आणि चाप तसाच दाबलेला ठेवून चक्री दोन बोटांनी हलवून बघायची. केसभर हलली तर चालतं, खुळखुळ्यासारखी हलली तर नाही. मग घोडा ताणून, चापाला हात न लावता, मागून अंगठ्याने पुढे रेटायचा. सुटला तर ते रिव्हॉल्व्हर कुणाच्याही घरात असता कामा नये, कारण हातातून पडलं तरी ते उडू शकतं. सांगाडा, नळी आणि चक्री यांवरचे क्रमांक ताडून बघायचे आणि तेच परवान्यावर आहेत का ते पाहायचं. क्रमांकाजवळ कानस फिरवल्यासारखं दिसलं तर चहासुद्धा न पिता उठायचं.

आणि काडतुसं. आमच्या परवान्यावर नुसतं ".३२" लिहिलेलं असतं, आणि तिथेच नव्या माणसाचा घोळ होतो. रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसाचं पितळी नळकांडं २३ मिलिमीटर लांब आणि बुडाशी कडा असलेलं. पिस्तुलाचं .३२ मात्र १७ मिलिमीटरचं, आखूड. बोअर तेच, काडतूस वेगळं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसलं तरी घालायचं नाही. रामदासपेठेतल्या काकांनी मला वेब्लीसोबत "हेही घेऊन जा" म्हणून जो खोका दाखवला त्यात दोन्ही प्रकार एकत्र होते, शेंगदाणे आणि फुटाणे मिसळावेत तसे.

कागदांबद्दल एकच सांगायचं आहे, कारण तिथे तुमच्यातले भले लोकच जास्त चुकतात. लक्ष्मीनगरच्या काकांनी त्या सगळ्या प्रकारानंतरही, कदाचित अपराधी वाटलं म्हणून, मला म्हटलं, "तुम्ही विश्वासाची माणसं दिसता, घेऊन जा, कागद मागाहून करू." किराणा उधारीवर देतो तशी ही वस्तू देता येत नाही, काका. विकायच्या आधी तुम्ही जिल्हादंडाधिकाऱ्यांना, आपल्या शहरात त्यांच्या जागी पोलीस आयुक्त असतात, किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं, की अमुक हत्यार अमुक नावापत्त्याच्या माणसाला विकतो आहे. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. मग ते माझ्या परवान्यावर चढायचं, तुमच्यावरून उतरायचं. त्याआधी मी ते घरी आणलं असतं तर उमर्टीवाल्यात आणि माझ्यात कायद्याच्या नजरेने फार फरक उरला नसता, आणि तुमच्यातही. हे ४५ दिवस मला सुरुवातीला जाच वाटले. आता वाटतं, तेवढ्या दिवसांत डीलरच्या मिस्त्रीकडून तपासणी सहज होते. कायद्याने ती सक्तीची नाही. कागद तपासतात, माणूस तपासतात, क्रमांक तपासतात, लोखंडाचा आतला हाल कुणी विचारत नाही. तुम्ही विचारायला लावा. विकायच्या आधी रीतसर डीलरकडे न्या, उघडून घ्या, साफ करून घ्या, आणि त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: नळी कशी, चक्री कशी, घोडा धरतो की नाही. तुमचा खर्च मी किंमतीत धरून देईन. माझ्यासारखे इतरही देतील, कारण त्या दोन ओळींसाठी मी चार महिने शहरभर फिरलो आहे.

चौथं घर त्रिमूर्तीनगरातलं. इथे "एकदाही चालवलं नाही" हे वाक्य आलं नाही. काकांनी फडकं सोडताच आधी स्वतः खटका ढकलला, नळी मोडून सहा रिकामी भोकं मला दाखवली आणि मगच मुठीकडून पुढे केलं. सोबत एक शाळेची चाळीस पानी वही. पहिल्या पानावर हत्याराचा क्रमांक आणि पावतीची तारीख. पुढे दरवर्षीच्या नोंदी: दसऱ्याला उघडलं, तेल दिलं. रेंजवर बारा राउंड, एक वाया. मूठ बदलली. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीला ठाण्यात जमा, पावती चिकटवली. विधानसभेला पुन्हा जमा, पुन्हा पावती. परत आणल्यावर पुसलं. सगळे मिळून दोनशेच्या आसपास राउंड झाडलेले. बाहेरून रिव्हॉल्व्हर चारांत सगळ्यात जुनाट दिसत होतं, नळीवरचा निळा रंग कडांना घासून पांढरा पडलेला. आतून मात्र आरसा. काका म्हणाले, "वापरलेलं आहे, म्हणून वीस हजार कमी सांगतो." मी म्हटलं, "वापरलेलं आहे, म्हणून कमी करू नका." बायकोने टेबलाखालून पाय मारला.

घासाघीस होऊन दहा हजार कमी करण्यावर तुटलं. काकांनी दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं. आज एकतिसावा दिवस आहे. वही त्यांनी आधीच देऊन टाकली. ती बाळगायला परवाना लागत नाही म्हणाले.

रामदासपेठेच्या काकांना नमस्कार, महालातल्या काकूंना नमस्कार. आणि लक्ष्मीनगरच्या काकांना एक विचारायचं राहिलं आहे. त्या दिवशी निघताना तुम्ही ती सहा हिरवी काडतुसं स्टीलच्या डब्यात घालून "उद्या ठाण्यात देतो" म्हणाला होतात. त्याला आता दोन महिने होतील. मे जवळ आला आहे, नातू येईल. डबा कुठे आहे?

तुमचा,
कळमन्याचा एक अडत्या